कापडाची कात्री
“आत्ताचा पगार सरळ तीस हजार ठोकून दे, कोण बघायला येतंय?” नव्या कारखान्यात नोकरी मागायला पाठवताना नणंदेने बजावलं होतं. नमुन्याचा कोट बेतून झाला, मालक खूश झाला आणि त्याने सध्याचा पगार विचारला, तेव्हा मात्र कटिंगवालीच्या तोंडून खरं तेच निघालं. “अठरा.” मालकाची कळी खुलली. “मग बावीस देतो, चैन करा!” म्हणत त्याने तिची कात्री उचलली आणि टपाल फोडायला घेतलं. तिने कात्री त्याच्या हातातून काढून घेतली. “कापडाची कात्री कागदाला लावायची नसते, साहेब. बोथट होते. आणि अठरा मिळतात म्हणूनच तर ती नोकरी सोडतेय. माझ्या कामाचे तीस होतात.” मालक चिडला. “मग मघाशी तीसच सांगायचे होते ना!” “मिळत नाहीत ते कसे सांगू?” तिने कात्री फडक्यात गुंडाळली. “मिळायला लागले की सांगेन. इथले, नाहीतर समोरच्या कारखान्यातले.”