एकोणीस हिरव्या पट्ट्या

मशीनवाल्याने ताईची पेटी बंद केली, तेव्हा गेंदी दारात आडवी उभी राहिली. ताई म्हणजे पाड्यावरच्या शाळेत मुलांच्या पावरी बोलीतून बोलून वाचायला शिकवणारं यंत्र.

"दादा, ताईला नका ना नेऊ."

"मग काय तुझ्या घरी ठेवू?" तो हसला. "अगं, एकोणीसच्या एकोणीस पास झालात. आता ताई पुढच्या पाड्यावर."

पाडवी गुरुजींनी मान खाली घातली. वाचलेलं समजलं की मुलाच्या कपाळावरची पट्टी हिरवी व्हायची. तपासणीच्या दिवशी, शाळेचं नाव राखायला, त्यांनी सगळ्यांच्या पट्ट्या एकापाठोपाठ एक हुशार रमिलाच्याच कपाळाला लावल्या होत्या.

"बरं, वाचून दाखव. अडलीस तर ताई इथंच राहील," मशीनवाला म्हणाला.

गेंदीने गुरुजींकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर अडायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. तिने पुस्तक उघडून अख्खा धडा घडाघडा म्हटला. बोट मात्र ओळीखालून उजवीकडून डावीकडे सरकत होतं.

मशीनवाला पेटी उचलण्यात गुंतला होता, त्याला ते दिसलं नाही. गुरुजींना दिसलं.

"शाब्बास," ते म्हणाले.