बारशाचे शेअर

लेकीच्या बारशाला आलेल्या आहेराच्या पैशांतून सोन्याऐवजी हर्षालीने शेअर घेतले होते, आणि आज बाजार धाडकन कोसळला. थळ गावातल्या घराच्या अंगणात सासू कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. दीर हर्षालीचा मोबाईल नाचवत बाहेर आला. “वैनी, इकून टाक! पोरीचं पैसे बुडतील!” सासूने कपाळाला हात लावला. “तरी सांगत व्हते, बांगड्या कर.” ओढणीआड पिणाऱ्या लेकीला थोपटत हर्षालीने विचारलं, “आई, सकाळी व्यापारी सोडे मागत होता. का नाही दिलेत?” “मातीमोलानं कोन देतंय? पावसात होड्या बंद झाल्या की तोच दारात येईल.” बोलता बोलता सासूची नजर दिराच्या हातातल्या मोबाईलकडे गेली. हर्षालीने मोबाईल हिसकावला, शेअर तसेच ठेवले आणि ॲप काढून टाकलं. “आता भाव कसा कळनार?” दीर ओरडला. “हिचं कॉलेज आलं की बघू. तोवर सोड्यांवरचे कावळे हाकला, भावजी.”