दोरीवरची साडी

गोल्फचा सामना शेवटच्या होलपाशी बरोबरीत होता. ह्यांचा चेंडू झेंड्याच्या अलीकडे थांबला होता आणि मध्ये वाळूचा खड्डा. आमचे व्याही, निवृत्त कर्नल, मिशीतल्या मिशीत हसत उभे. हरलो असतो तर अख्खी दिवाळी त्यांच्याकडून ऐकावं लागलं असतं. आणि नेमका हाच हलका, उंच फटका ह्यांना मैदानावर कधी जमत नाही. चेंडू कुठे जातोय ते बघायची इतकी घाई, की स्टिक लागायच्या आधीच मान वर! मग चेंडू सरपटत थेट वाळूत.

घरी गच्चीवर मात्र रोज जमतं. तिथे दोरीवर वाळणाऱ्या माझ्या साडीवरून चेंडू पलीकडच्या टबात टाकायचा असतो. साडीला डाग पडला की माझं तोंड सुटतं. म्हणून हे मान खाली घालून मारतात, आणि माझा आवाज येईपर्यंत वर बघायची ह्यांची छाती होत नाही.

आज ह्यांची बॅग ओढायला मीच होते. ह्यांनी पवित्रा घेतला, तशी मी हळूच म्हणाले, “समोर माझी मोतिया रंगाची नवी साडी वाळतेय हं.”

ह्यांची मान झटकन खाली गेली. चेंडू अलगद उडाला, वाळूपलीकडे हिरवळीवर टेकला आणि घरंगळत होलमध्ये पडला. टाळ्या वाजल्या. कर्नलसाहेबांचं हसू मिशीतच विरलं.

हे अजून मान खाली घालूनच उभे.

“लागला का गं साडीला?”