उलटं ताट

शोभनाबाईंनी चटणी उजवीकडे वाढली आणि भाजी डावीकडे. त्यांची सून राधिका बघतच राहिली. "आई, ताट उलटं वाढलंय तुम्ही."

"डोळे शाबूत आहेत माझे. तू पोळी बघ, करपतेय."

अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या त्या घरी आज नातू जेवायला येणार होता. अक्षत. बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. कधी सामन्याचा पहिला चेंडू त्याच्या हातात, कधी दुसऱ्यानं केलेली घाण निस्तरायला त्याला धाडायचे, तर कधी शेवटचे तीन गडी बाद करायचे उरले की हाक. शोभनाबाई म्हणायच्या, कार्यघरातल्या आत्याबाईसारखं झालंय याचं; पडेल ते काम करायचं आणि फोटोत मागं उभं राहायचं. या टीमनं सोडलं की ती टीम उचलायची. शोभनाबाई टीव्हीपुढून हलत नसत. खेळातलं ओ की ठो कळत नसे. पोर वाळलंय का, तेवढं बघायच्या.

कारण पोर त्यांच्या पंगतीला बसत नव्हतं. लहानपणी तो डाव्या हातानं वरणभात कालवायचा. त्या ताट ओढून घ्यायच्या, घास उजव्या हातात कोंबायच्या. एके दिवशी फटकन बोलून गेल्या, डाव्या हातानं खाणारा माझ्या पंगतीत नको. पोर उठलं ते उठलंच. पुढं घरी आलं तरी सँडविच घेऊन सोफ्यावर. शोभनाबाईंचाही ताठा मोठा. कधी बोलावलं नाही. वाट तेवढी रोज पाहिली.

या खेपेला टीमनं सोडलं, तेव्हा कुणीच उचललं नाही. काल त्याचा फोन आला: आजी, उद्या जेवायला येऊ?

तो आला, हात धुऊन बसला. ताटाकडे पाहिलं, मग आजीकडे. शोभनाबाई उगाच तुपाची वाटी ढवळत राहिल्या.

"जेव बाबा," त्या म्हणाल्या. "हव्या त्या हातानं जेव."

अक्षतनं ताट हळूच फिरवलं. चटणी डावीकडे आली. डावा हात मांडीवर ठेवून त्यानं उजव्या हातानं भात कालवला, बोटांच्या पेरांनी, तळव्याला न लागू देता, आजीनं शिकवलं होतं तसं.

"लेफ्ट हात टीमचा होता, आजी," तो म्हणाला. "हॉटेलात एकटा असलो तरी जेवायचा हात तुझाच."