राणीच्या अत्तरातली माती

इतिहासातल्या, कादंबऱ्यांतल्या माणसांची अत्तरं बनवणं हा आम्हा बहीणभावाचा धंदा. या खेपेला माझ्या वाट्याला आली तीनशे वर्षांपूर्वी गायब झालेली एक राणी. मी केशर, धूर आणि खोगिराचं कातडं एवढंच घातलं.

ताईचं नाक भलतंच तिखट. तिने अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगली.

"ओली माती कशाला रे घातलीस?"

"घातलीच नाही!"

वैतागून मी सगळं ओतून दिलं, हात खसाखसा धुतले, नव्याने बनवलं. पुन्हा माती.

ताईने बाटली हुंगली. बाटलीत माती नव्हती. तिने माझ्या टेबलावरची कोरी पट्टी हुंगली. त्या पट्टीला मात्र मातीचा वास होता.

"राणीला कुठे पुरलं ते कुणालाच ठाऊक नाही ना रे?"

वासाचा माग घेत ती खाली वाकली, माझ्या खुर्चीखालच्या फरशीपर्यंत. तिथेच थांबली.

"पाय वर घे," ती हळूच म्हणाली.