जाळीवरची फीत

खोलीबाहेरचा दाबाचा काटा पंधरावर हवा होता. तो चारवर होता. आतला पलंग सकाळीच रिकामा झाला होता. हॉस्पिटलचे एसी मेकॅनिक तुपे शिडीवर चढले आणि त्यांनी छतातली वाऱ्याची झडप पूर्ण उघडली. जाळीला बांधलेली लाल फीत फडफडू लागली.

ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या खोलीत वारा जोरातच लागतो. दार उघडलं की आतली हवा बाहेर जाते, म्हणून बाहेरचे जंतू आत येत नाहीत. नव्या नर्सना हे तुपेच समजावून सांगायचे.

पण दहा दिवसांपूर्वी या खोलीतल्या मुलीची आई हात जोडून म्हणाली होती, "दादा, पोर कुडकुडते हो. वारा जरा कमी करा ना." तुपेंना नाही म्हणवेना. त्यांनी झडप लोटली आणि दाब कमी झाल्याचा अलार्म ओरडत बसू नये म्हणून तोही बंद केला. एका दिवसापुरतंच, असं ठरवून. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरचा एसी बिघडला आणि ही झडप डोक्यातून गेली ती गेलीच.

"दादा."

तुपे उतरता उतरता थांबले. मुलीचा राहिलेला स्वेटर न्यायला आई आली होती.

"जंतू कुठून शिरला, डॉक्टरांनाही कळलं नाही. पण तुमच्यामुळे शेवटचे दिवस तरी ती उबेत झोपली."

तिनं वाकून त्यांच्या पायांवर कपाळ टेकवलं. तुपे शिडीच्या खालच्या पायरीवर होते. पाय मागे घ्यायला जागाच नव्हती.