पिनांगला उतरल्यावर

“पिनांगला जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं,” आभा म्हणाली. “मधल्या वेळात जहाजाची टूर घ्या, गाइड बसमधून सगळं दाखवून आणतो. नाहीतर आपलं आपण उतरा आणि फिरा. फक्त एक आहे, स्वतः फिरताना उशीर झाला तर जहाज थांबत नाही.”

पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या ट्रॅव्हल ऑफिसात अय्यूबचाचा आणि शहाबानो तिच्यापुढे बसले होते. मुलगा अरीब दुबईला. आईबापांनी एकदा सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जावं हा त्याचाच हट्ट, तिकिटंही त्यानेच काढलेली. आता फक्त बंदरावर उतरल्यावरचं ठरवायचं होतं.

“टूर कशाला?” शहाबानो हसून म्हणाली. “यांची उभी जिंदगी जहाजावर गेली. पिनांग यांना आपल्या मोहल्ल्यासारखं ठाऊक आहे. हेच माझे गाइड.”

आभाने चाचांकडे आदराने पाहिलं. चाचांनी घसा साफ केला.

“टूरच घे,” ते म्हणाले.

“का?” शहाबानोने विचारलं.

“तिकडं ऊन फार. बस एसीची असेल.”

“आणि पनवेलला काय बर्फ पडतो?”

बरं, आपलं आपण फिरू, असं चाचा म्हणाले. आभाने कॉम्प्युटरकडे हात नेला, तसा त्यांनी तिला थांबवलं. नको, टूरच बरी, बाहेर हलाल जेवण मिळायचं नाही. “अंकल, मलेशिया आहे. हलाल कुठेही मिळेल,” आभा म्हणाली. म्हणजे तेही कारण गेलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, चाचांना काडीही सापडेना. टूर, नको, स्वतः, नको, असं करत त्यांनी त्या बिचारीचं डोकं पार फिरवलं.

शहाबानोचं हसू केव्हाच मावळलं होतं. डोंगरावर चढणारी रेल्वे, घड्याळाचा मनोरा, रात्रभर चालणारा बाजार, हे सगळं तिने नवऱ्याच्या तोंडून प्रत्येक सुट्टीत ऐकलं होतं. आता ते त्याच्याबरोबर चालत बघायचं, एवढं एकच तिला या सफरीतून हवं होतं. बहिणीला, मुबीनाला, तिने तसं सांगूनही टाकलं होतं, आणि मुबीनाला सांगितलं की मोहल्ल्यात वेगळी दवंडी पिटावी लागत नसे. आणि हा माणूस तिच्याबरोबर त्या गावात पाऊल टाकायला तयार नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आभा पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला शेजारच्या दुकानात गेली, तशी शहाबानो नवऱ्याकडे वळली.

“कोण राहते तिथं?”

“कुठं?”

“पिनांगला. जिच्या नजरेस मी पडू नये अशी.”

“तोबा, बानो. काय बोलतेस हे?”

“तुमच्या जहाजावरच्या शहजादभाईंनी तिकडं दुसरा संसार थाटला होता, सगळ्यांना माहीत आहे. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आज विचारते. भांडणार नाही. फक्त खरं सांगा.”

इकडे आड, तिकडे विहीर. बाई आहे म्हणावं तर घर मोडतं. नाही म्हणावं तर मग गावात जायला का घाबरता ते सांगावं लागतं. क्षणभर चाचांना वाटलं, आहे म्हणून टाकावं. त्यात निदान थोडी मर्दानगी तरी दिसली असती.

“मी पिनांग पायलेलं नाय,” ते म्हणाले. धीर सुटला की त्यांच्या तोंडी लहानपणची बोली येई.

“म्हणजे?”

“जहाज धक्क्याला लागलं की वरचे लोक गावात जायचे. आमी खाली, इंजिनात. मशीन बंद असतं तेव्हाच ते उघडून साफ करता येतं ना. आमचं काम आटपेपर्यंत जहाज सुटायची वेळ. वर येऊन पायलं तर क्रेन नि कंटेनर. न्हावा शेव्याला दिसतात तेच.”

“एकदासुद्धा उतरला नाहीत?”

“गेटापर्यंत. तिथं फोनचा बूथ होता. मुबीनाकडं फोन लावून तुझ्याशी बोलायचो नि परत.”

“आणि ती डोंगरावरची रेल्वे?”

“जहाजावरचा आचारी सांगायचा. तो भाजी आणायला गावात जायचा.”

“सिंगापूर?”

“ते पण त्यानंच.”

शहाबानो इथं एकटीने अरीबला वाढवत होती, रॉकेलच्या रांगेत उभी राहत होती, सासूचं आजारपण काढत होती, तेव्हा एका गोष्टीने तिला बरं वाटे: आपला माणूस जग बघतोय. दोघांतलं एक तरी बघतंय. तिला राग आला होता, हायसंही वाटलं होतं आणि रडूही येत होतं; त्यातलं कशाला वाट करून द्यावी ते तिला कळेना.

आभा कागद घेऊन परत आली. “काय ठरलं मग? टूर, की आपलं आपण?”

चाचा मान खाली घालून बसले होते. शहाबानोचं आभाकडे लक्षच नव्हतं.

“एखादी बाई असती तरी चाललं असतं हो,” ती नवऱ्याला म्हणाली. “निदान तिनं तुम्हाला गाव तरी दाखवलं असतं.”